आधी चूल, मग नगर

गंगाखेडच्या घाटाला लागणारं पाणी कुठून येतं असं विचारलं, तर कुणीही त्र्यंबकेश्वराचं नाव घेईल. ते बरोबरच आहे. पण नेवाशाच्या अलीकडे टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते, आणि तिथून पैठण, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड असं खाली येणाऱ्या पाण्यात प्रवरेचाही वाटा असतो. (जायकवाडीनं तो अडवला आणि हिशेब मांडून डाव्या कालव्यानं परभणीच्या शिवारात सोडला, ही अलीकडची, पन्नासेक वर्षांची गोष्ट.) याच प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं टेकाड आहे. सिंधू संस्कृतीची माणसं दक्षिणेकडे सरकत सरकत जिथपर्यंत पोचली, त्या टोकाच्या वस्त्यांमधली ही एक. परभणीकरांना मोहेंजोदडो हजार मैलांवरचं वाटतं; पण त्या संसाराचं एक शेपूट आपल्याच नदीच्या खोऱ्यात येऊन विसावलेलं आहे.

दायमाबाद म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो कांस्यरथ. १९७४ साली गावातल्या एका भिल्ल माणसाला झुडपाच्या बुंध्याशी खणताना चार वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा हाकणारा, शिवाय रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळं मिळून साठ किलोंहून जास्त वजनाचं ओतकाम. पाठ्यपुस्तकांत या रथाचं चित्र असतं, व्याख्यानांत त्याची पारदर्शिका असते, आणि तो नेमका कुठल्या काळातला यावर तज्ज्ञांची भांडणंही आहेत. याच टेकाडात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी १९५८-५९ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे एकावर एक अशा पाच वस्त्या निघाल्या. तळाशी सावळदा संस्कृती, तिच्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबादची स्वतःची, मग माळवा आणि शेवटी जोर्वे, सुमारे इ.स.पू. २३०० पासून इ.स.पू. १००० पर्यंत. या प्रत्येक वस्तीत मातीची घरं होती, घरात चूल होती, चुलीजवळ धान्याची जागा होती. ती चूल कुणाच्या पाठ्यपुस्तकात नाही.

पुढची प्रकरणं त्या चुलीविषयी आहेत. प्राचीन नगर वेशीकडून किंवा राजवाड्याकडून न वाचता चुलीपासून बाहेर वाचत गेलं, तर ते जास्त खरं दिसतं, असं माझं म्हणणं आहे. एवढंच म्हणून थांबलो तर ते भाबडेपणाचं वाटेल, म्हणून त्यामागचं कारण आधी सांगतो.

घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू जागा बदलते. मडकं फुटतं, खापरं उकिरड्यावर जातात, मणी गळ्यातून पडून कुठेतरी घरंगळतो, मुद्रा व्यापाऱ्याच्या कमरेला बांधलेली शेकडो कोस हिंडते. वस्तू जिथे सापडली तिथेच ती वापरली गेली, असं उत्खनकाला छातीठोकपणे सांगता येत नाही. चुलीचं तसं नसतं. जिथे वर्षानुवर्षं जाळ झाला तिथली माती भाजून विटकरी लाल होते, तिच्याखाली काळपट पट्टा उतरतो, वर राखेचे पापुद्रे साचतात. ही भाजलेली वाटी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. घर पडलं, भिंती विरघळल्या, वर दुसरं घर उभं राहिलं, तरी चूल आपल्या जागी असते. तिच्यावरून स्वयंपाक कुठे होत होता ते कळतं. म्हणजे दार कुठे असावं, निजायची जागा कुठे, पाहुणा कुठवर येत असेल, याचा अदमास बांधता येतो. एका अंगणात दोन चुली दिसल्या तर भाऊ वेगळे झाले असतील का, हा प्रश्न पडतो. आपल्या जनगणनेतसुद्धा कुटुंब मोजायचं माप तेच आहे: एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब.

दुसरं कारण अधिक मजेचं आहे. तीन-चार हजार वर्षांपूर्वीचं धान्य आपल्यापर्यंत पोचतं ते बहुतांशी जळालं म्हणून. कोरडं धान्य किडे खातात, ओलं कुजतं. पण जे करपून कोळसा झालं त्याच्या वाटेला कुणी जात नाही. चुलीतली आणि चुलीभोवतीची माती पाण्यात कालवली की असे हलके काळे दाणे वर तरंगतात, ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. डेक्कन कॉलेजच्या मुकुंद काजळे यांनी इनामगावचं धान्य असंच ओळखलं. एरवी ज्या करपलेल्या दाण्यांबद्दल कुणा सुगरणीनं सासूचे बोल खाल्ले असतील, त्यांच्यावर आज आपली सगळी विद्या उभी आहे! आणि चुलीतला कोळसा तर काळ मोजायलाच उपयोगी पडतो.

मूळ सिंधू नगरांतल्या घरांकडे वळण्याआधी एक किस्सा सांगायला हवा, कारण तो मराठी माणसाचा आहे. देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९११-१२ च्या सुमारास मोहेंजोदडोला जाऊन आले होते. अवशेष पाहून त्यांनी अहवाल दिला की हे गाव फार तर दोनशे वर्षांपूर्वीचं असावं, विटा अगदी अलीकडच्या धाटणीच्या आहेत. पुढे १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जींनी तिथे खोदायला सुरुवात केली, २० सप्टेंबर १९२४ रोजी जॉन मार्शल यांनी शोध जगजाहीर केला, आणि त्यानंतरच्या हंगामात मोहेंजोदडोचं उत्खनन ज्यांनी सांभाळलं ते काशिनाथ नारायण दीक्षित मूळचे पंढरपूरचे. एका मराठी विद्वानानं जागा नाकारली, दुसऱ्यानं ती खणली. भांडारकरांना हसणं सोपं आहे, पण त्यांची चूक विचार करण्याजोगी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीची वीट त्यांना ओळखीची वाटली, म्हणून जुनी वाटली नाही. घरगुती गोष्टींचा हा नेहमीचा गुण म्हणा की दोष म्हणा: त्या इतक्या नेहमीच्या असतात की त्यांना वय असेल असं वाटतच नाही.

त्या विटांचं प्रमाण उंचीला एक, रुंदीला दोन, लांबीला चार. हेच प्रमाण दायमाबादच्या उत्तर हडप्पा थरातल्या कच्च्या विटांतही उतरलं आहे. तिथे सिंधू लिपीची चिन्हं असलेल्या मुद्राही मिळाल्या. मोहेंजोदडोच्या घराची ठेवण मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात राहिलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. रस्त्याकडे पाठ फिरवलेल्या भिंती, आत शिरल्यावर वळण, मग चौक, चौकाभोवती खोल्या. पुष्कळ घरांत स्वतःची विहीर (नगरात मिळून सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा मायकेल यान्सेन यांचा अंदाज आहे) आणि उताराची फरशी घातलेलं न्हाणीघर, ज्याचं पाणी भिंतीतून रस्त्यावरच्या झाकलेल्या गटारात जातं. स्वयंपाक बऱ्याचदा चौकात होई, काही घरांत त्यासाठी लहानशी खोली असे. चुलीपाशी आणि गटारातही भाजक्या मातीचे तिकोनी गोळे ढिगानं मिळतात. ते कशासाठी, यावर बरंच लिहिलं गेलंय. एक पटण्याजोगा तर्क असा की ते निखाऱ्यांत तापवून उष्णता धरून ठेवायला वापरत असावेत. दगड न मिळणाऱ्या गाळाच्या प्रदेशात हा तर्क बसतो. आपल्याकडे पायाला ठेच लागते ती दगडाचीच, म्हणून हा खटाटोप आपल्याला चटकन उमगत नाही.

भांड्यात काय शिजत होतं हे आता भांड्यालाच विचारता येतं. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजनं हरियाणात फर्माणा इथे उत्खनन केलं. तिथल्या खापरांवर आणि माणसांच्या दातांवर चिकटून राहिलेले पिष्टाचे कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी तपासले. त्यांत हळद, आलं आणि वांगं ओळखता आलं. वर्तमानपत्रांनी लगेच ‘जगातली पहिली भाजी’ असे मथळे दिले. मथळ्यांचं सोडा, पण वांगं आणि हळद ही जोडी एवढी जुनी निघाली याचा आनंद खोटा नाही. पुढे २०२० मध्ये अक्ष्येता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी त्याच भागातल्या खापरांत मुरलेल्या स्निग्धांशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गाय, म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर अशा प्राण्यांच्या मांसाचा आणि दुधाचा अंश दिसला. या दुसऱ्या बातमीनं काहींना वाईट वाटलं. प्राचीन माणसानं आपल्या आजच्या पंगतीला चालेल असंच जेवायला हवं, हा आग्रह धरून चुलीजवळ बसता येत नाही. ती जे शिजलं ते सांगते.

राजस्थानातल्या कालीबंगाचा वाद इथेच सांगतो, कारण या पुस्तकाची भूमिका त्यातून स्पष्ट होते. ब्रजवासी लाल आणि बी. के. थापर यांनी साठच्या दशकात कालीबंगा खोदलं. सगळ्यात जुन्या वस्तीच्या घरांत तंदूरसारख्या भट्ट्या निघाल्या, जमिनीखालच्या आणि वरच्याही. पुढच्या, प्रगत नगराच्या बालेकिल्ल्यात एका चौथऱ्यावर ओळीनं सात अग्निकुंडं मिळाली. उत्खनकांनी त्यांना यज्ञवेदी म्हटलं. गुजरातेत लोथलला एस. आर. राव यांनाही अशी कुंडं दिसली. काही अभ्यासकांचं म्हणणं याच्या उलट, की यातली बरीच साधी स्वयंपाकाची किंवा सामुदायिक रांधपाची असू शकतात. मी यात निकाल देत नाही. चौथऱ्यावरची सात कुंडं रोजच्या भाकरीची असतील असं मलाही वाटत नाही. पण घराच्या कोपऱ्यात सापडलेल्या प्रत्येक जळक्या खळग्याला वेदी म्हणण्याची घाई पटत नाही. वेदी म्हटलं की अहवालात स्वतंत्र प्रकरण मिळतं, छायाचित्र मिळतं; चूल म्हटलं की यादीत एक ओळ. पुरुषांनी केलेला जाळ धर्म ठरतो आणि बायकांनी केलेला जाळ नुसता धूर, असा काहीसा हा व्यवहार आहे. आपल्या घरी चूल सारवून, हळदकुंकू वाहून मगच पेटवणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर वेदी आणि चूल यांत रेघ मारणंच अवघड आहे हे तिनं सांगितलं असतं.

या पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग इनामगावला दिला आहे. ते नगर नव्हे, मोठं खेडं. तरी कारण साधं आहे. महाराष्ट्रात घरं एवढ्या संख्येनं, एवढ्या निगुतीनं दुसरीकडे कुठेही उघडली गेली नाहीत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे टेकाड आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ पर्यंत तिथे काम केलं आणि शंभराहून जास्त घरं मोकळी केली. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा काळ, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं, एकाच ठिकाणचा संसार तिथे वाचता येतो.

पूर्व जोर्वे काळातलं, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० मधलं एखादं घर घेऊ. बुटकी मातीची भिंत, वर कुडाचं आणि गवताचं छप्पर, लांबट चौकोनी आकार, आत एखादी आडभिंत. घरं ओळीनं, मधे वाटेपुरती जागा. आत लहान चूल, रोजच्या कालवणाची. बाहेर अंगणात मोठा, लांबट गोल खड्डा, कडा भाजून घट्ट झालेल्या. यात मांस भाजत असावेत असं ढवळीकरांनी लिहिलं आहे. परभणीच्या माणसाला या खड्ड्याचं काम समजायला अहवाल लागत नाही. पौषात ज्वारीच्या शेतात हुरड्याची आगटी लावतात ती अशीच: जमिनीत हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून आर झाला की कणसं खोचायची, भाजलं की हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकायचे. हंगाम संपला की नांगर फिरतो आणि आगटी जाते. पण एखादी नांगराखालून वाचली, तर तीन हजार वर्षांनी तिचीही लाल कडांची वाटी आणि तळाची राखच उरेल, आणि तेव्हाचा कुणी विद्वान तिला काय म्हणेल ते सांगता येत नाही.

घराजवळ जमिनीत खणलेली पेवं होती, आतून चुन्यानं लिंपलेली. कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते. वस्तीत एक पाच खोल्यांचं घर मिळालं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. गावच्या प्रमुखाचं ते घर असावं, आणि सारा धान्यरूपानं त्याच्या दारात जमा होत असावा, असं ढवळीकरांचं प्रतिपादन. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट फुगलेल्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसलेल्या अवस्थेत पुरलेला आढळला. बाकीच्या प्रौढांना उताणं पुरलं आहे आणि पावलं घोट्याखाली तोडलेली आहेत. त्याची मात्र शाबूत.

लहान मूल गेलं तर दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून, घराच्या जमिनीखालीच पुरत. वरून जमीन पुन्हा सारवली जाई आणि त्याच जमिनीवर स्वयंपाक, जेवण, झोपणं चालू राही. इनामगावच्या घरांत अशी मुलं पुष्कळ आहेत. त्या काळच्या घरात शिरायचं तर हे डोळ्याआड करून चालणार नाही. चूल, धान्य आणि गेलेलं लेकरू एका छपराखाली आहेत.

एका घराच्या कोपऱ्यात जमिनीखाली मातीची डबी होती. डबीत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी, शिर नसलेली, आणि सोबत बैल. बैलाच्या पाठीला भोक आणि त्या मूर्तीच्या पोटाला भोक. काडी खोचली की देवी बैलावर बसते. सगळं कच्च्या मातीचं, बोटांनी केलेलं. घरातल्या घरात, कुणाला दिसू न देता पुरून ठेवलेली ही देवी देवळातली नाही, तिचा पुजारीही नसावा. दायमाबादच्या साठ किलो कांशापेक्षा मला ही मूठभर माती जास्त बोलकी वाटते, हा माझा पक्षपात वाचकांनी आधीच लक्षात घ्यावा.

मग इ.स.पू. १००० च्या सुमारास चित्र पालटतं. ढवळीकरांच्या मते पाऊसमान घटलं. चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकारीच्या प्राण्यांची हाडं वाढली, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त आली. भांड्यांवरची नक्षीसुद्धा निगुतीची राहिली नाही. सुमारे तीनशे वर्षं लोकांनी असं तग धरून काढली आणि मग गाव सोडलं. हवामानाचं कारण एवढं सरळ लावता येईल का याबद्दल पुढे आक्षेप घेतले गेले, ते त्या प्रकरणात दिले आहेत. पण दुष्काळ घरात शिरला की आधी चूल बदलते, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. १९७२ साली याच चुलींवर परदेशातून आलेली लाल मिलो भाजली गेली आणि रोजगार हमीच्या कामावर सुकडी वाटली गेली. ज्यांनी ती खाल्ली त्यांना इनामगावच्या गोल झोपड्या समजतात.

इथेच एक गैरसमज काढून टाकतो. ज्वारीची भाकरी ही आपली सनातन, सिंधू संस्कृतीपासूनची, असं अभिमानानं बोललं जातं. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. इनामगावच्या पेवांतलं मुख्य धान्य जव होतं, त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखं वाण दिलं, रब्बीची ज्वारी आपल्या काळ्या रानाची राणी आहे, हे सगळं खरं, पण ती इथे परगावाहून नांदायला आलेली आहे. सून म्हणून आली आणि घर तिच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं, यात कमीपणा नाही.

इनामगाव ओस पडल्यानंतर गोदाखोऱ्यात पुन्हा नगरं उभी राहिली ती सातवाहनांच्या काळात: पैठण, तेर, भोकरदन, नेवासे. या नगरांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी. नेवाशाच्या त्या थरांत फिरत्या जात्याचे दगड मिळाले. त्याआधी हजारो वर्षं बायका गुडघ्यांवर बसून, पाट्यासारख्या दगडावर दुसरा दगड पुढे-मागे ओढून धान्य भरडत होत्या. त्यानं पाठीचं आणि गुडघ्यांचं काय होत असेल याची कल्पना करावी. खुंटा धरून फिरवायचं जातं आलं आणि दोघींना समोरासमोर बसता आलं. ओवी त्याच बैठकीत जन्मली असावी, असा माझा अंदाज. गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांत दळणकांडण का येतं, आणि गी पॉइटेविन व हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या कशा जमवल्या, याची मुळं या दगडात आहेत. दुसरी गोष्ट गाथासप्तशतीची. सातवाहन राजा हालाच्या नावानं असलेल्या या प्राकृत संग्रहात रांधताना हाताची काजळी गालाला लागलेली गृहिणी आहे, आणि फुंकर घालूनही धुमसत राहणाऱ्या चुलीशी झुंजणारीही आहे. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती मिळाली तर जरूर पाहा. उत्खननातून राख मिळते; त्या राखेपलीकडे बसलेल्या माणसाचा चेहरा या गाथांतून दिसतो.

कवींनी त्या धुराचं कौतुक केलं, ते बाहेर ओसरीवर बसून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं घरातल्या चुलीच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर ३२ लाख माणसं मेली. ज्या आजीनं पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळत आयुष्य काढलं, तिचा खोकला आणि तिचे पाणावलेले लाल डोळे आपण पाहिलेत. त्यामुळे चुलीवरच्या मटणाच्या पाट्या लावणाऱ्या हमरस्त्यावरच्या ढाब्यांचा उमाळा या पुस्तकात सापडणार नाही. चूल जावी, तिच्या जागी गॅस यावा आणि तो परवडावाही. माझा आग्रह इतकाच की जाण्याआधी तिची नोंद व्हावी.

आणि नोंदीला वेळ थोडा उरलाय. याचं एक कारण आपल्या मातीत आहे. मराठवाड्यात शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. गावाखालची माती पांढरट होते ती शतकानुशतकांच्या राखेनं, शेणानं, पडलेल्या भिंतींनी. तीच पांढरी माळवदावर टाकायला उत्तम, पाणी झिरपू देत नाही. म्हणून माळवदाची घरं बांधणाऱ्यांनी गढ्या आणि टेकाडं पिढ्यान् पिढ्या खणून नेली. शिवाय ती राखट माती शेतात खत म्हणून चालते. पूर्वी बैलगाडी होती, खड्डा हळूहळू वाढायचा. आता जेसीबी येतो आणि एका दुपारीत हजार वर्षं ट्रॉलीत भरली जातात. उरलेल्या काळीचं म्हणाल तर ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, थरांची उलथापालथ होते. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठाला जी टेकाडं आहेत त्यांच्यापुढे ही दोन्ही संकटं उभी आहेत.

दुसरं कारण घरात आहे. चुलीचे भाग, तिची बनावट, तिची निगा यांचं ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्या बायका आता सत्तरीपुढे आहेत. माती कुठली आणायची, त्यात भुसा किती मिसळायचा, लीद का घालायची. वैलाकडे जाळ जायला भोक किती तिरपं ठेवायचं. तवा हलू नये म्हणून तीन उंचवटे कसे द्यायचे. नवी चूल किती दिवस वाळू द्यायची आणि पहिला जाळ किती मंद करायचा. माळवदातलं सानं चुलीच्या अगदी वर का नसतं. यातली प्रत्येक गोष्ट उत्खनकाला उपयोगी आहे, कारण जळक्या मातीचा तुकडा हाती आला की त्याला हेच प्रश्न पडतात. ढवळीकरांसारख्यांनी आजच्या झोपड्या आणि आजचे कुंभार पाहून जुन्या घरांचा अर्थ लावला. ते करायला पुढच्या पिढीला कुणी उरलं पाहिजे.

पुढची प्रकरणं सरळ कालक्रमानं लावलेली नाहीत. आधी जाळ आणि जळण, मग धान्य आणि साठवण, मग दळण, मग भांडी, आणि शेवटी घरातले मृत आणि देव, असा तो क्रम आहे. ज्यांना फक्त इनामगाव हवं त्यांनी साठवणीच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. भांड्यांचं प्रकरण लांबलं आहे आणि थोडं कोरडंही आहे. जोर्वे भांड्यांच्या लांब तोटीवर मी जरा जास्तच रेंगाळलो. घाईत असाल तर ते गाळा, पण तोटीच्या भांड्याचं चित्र तेवढं पाहा.

वाचकांकडे दोन मागण्या आहेत. घरातली किंवा आजोळची मातीची चूल पाडायची झाली, तर आधी तिची लांबी-रुंदी मोजा, एक साधं रेखाचित्र काढा, आणि ती घालणाऱ्या बाईंकडून प्रत्येक भागाचं नाव त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. बाईंचं नाव, गाव आणि तारीख घालायला विसरू नका. आणि गढीची किंवा टेकाडाची माती नेताना लाल भाजलेली कड, राखेचा थर, तोंडाला तोंड लावलेली मडकी दिसली, तर ट्रॉली थांबवा, जागेवरच फोटो काढा आणि तहसीलला व राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ चा निखात निधी अधिनियम जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. राखेची किंमत तेवढी भरत नाही, त्यामुळे ती कळवायची सक्ती तुमच्यावर नाही. तरीही कळवा.